निकालानंतरचे पंधरा दिवस पुरत नाहीत : खानदेशातील मुख्याध्यापक व प्राचार्य यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक व प्राचार्य,
माध्यमिक विद्यालये, आश्रमशाळा व कनिष्ठ महाविद्यालये,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

विषय : महाविद्यालय निवडण्याची तयारी नववीपासून शाळेच्या वेळापत्रकात घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी जळगाव जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात शिकवते. दरवर्षी प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की सुविधा केंद्रावर अर्ज आणि कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे येते. तेथे येणारी मुले आपल्याच शाळांतून शिकून आलेली असतात. कोणी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले, कोणी पारोळा-एरंडोलकडच्या कोरडवाहू गावातले, कोणी शिरपूर-शहाद्यापलीकडच्या पाड्यावरचे. गुणपत्रिका बहुधा चांगली असते, अर्जही भरलेला असतो, आणि तरीही ‘हीच शाखा आणि हेच महाविद्यालय का घेतले?’ असे सहज विचारले, तर मूल गप्प राहते आणि उत्तर सोबत आलेला मामा किंवा काका देतो. ते उत्तरही पुष्कळदा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याकडून आलेले असते.

आपल्यापुढे माझे एकच म्हणणे आहे. महाविद्यालय कसे निवडावे हे गणित-विज्ञानाइतकेच शिकवता येते, परंतु निकाल लागल्यापासून अर्जाची मुदत संपेपर्यंतच्या पंधरा दिवसांत ते शिकवून होत नाही. म्हणून ते नववीपासून बारावीपर्यंत, शाळेच्या तासाला, शाळेच्याच शिक्षकांनी शिकवावे. आज हे काम शाळेने सोडून दिलेले असल्यामुळे ते इतरांनी उचलले आहे, आणि त्या इतरांपैकी बहुतेकांचा मुलाच्या निर्णयात पैशाचा संबंध असतो.

पूर्वी खानदेशात ही निवड फारशी अवघड नव्हती. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही १९४५ पासूनची महाविद्यालये होती, पुढे तालुक्याच्या ठिकाणी कला-वाणिज्य-विज्ञानाची महाविद्यालये निघाली, आणि १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत पुष्कळ वर्षे पदवी पुणे विद्यापीठाची मिळत असे. बारावीची गुणपत्रिका घेऊन खिडकीशी उभे राहिले की प्रवेशाचे काम होत असे. आता अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी यांना एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागते, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला वेगळी सीईटी, नर्सिंगला वेगळी, वैद्यकीयला नीट. या परीक्षांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरून संपतात, त्यामुळे निकाल हाती आल्यावर विचार करू म्हणणाऱ्या मुलासमोरची निम्मी दारे त्याला कळायच्या आत बंद झालेली असतात.

२०२४ मध्ये हे अगदी ठळकपणे दिसले. बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे व्यवस्थापन आणि संगणकाचे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्याने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी घेतली. वाणिज्य शाखेच्या मुलांना सीईटी नावाची गोष्ट आपल्याशी संबंधित आहे हेच ठाऊक नव्हते. निकालानंतर ती नेहमीप्रमाणे महाविद्यालयात गेली आणि परीक्षा दिलेली नसल्याने परत आली. जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहतील हे दिसल्यावर त्याच वर्षी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत एखादा शिक्षक या परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाचे संकेतस्थळ नियमाने पाहत होता, तेथील मुले पहिल्याच परीक्षेला बसली. फरक होता तो एवढाच. पाठोपाठ २०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश, जो तोवर मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरता होता, तो सगळ्या राज्याला लागू झाला, आणि दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावण्याची वेळ आपल्याकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर आली. गावात एकच कनिष्ठ महाविद्यालय पाहिलेल्या मुलाने दहा नावे कशाच्या आधारावर लिहावीत, हे त्याला कोणी शिकवले होते?

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे लिहिते. ज्या विद्यालयाला स्वतःचे कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, तेथे दहावीच्या मुलाला निःपक्ष सल्ला मिळणे कठीण असते. तुकडी टिकली पाहिजे, कार्यभार टिकला पाहिजे, म्हणून शिक्षकांना विद्यार्थी ‘आणण्याचे’ काम दिले जाते, आणि जूनमध्ये दुचाकीवरून घरोघरी फिरणारे प्राध्यापक आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्या नोकरीची काळजी खोटी नाही. परंतु त्या काळजीपोटी ज्या मुलीचा हात चित्रकलेत आणि यंत्रांच्या आरेखनात उत्तम चालतो, तिला तीन वर्षांची पदविका दहावीनंतरच घेता येते आणि त्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे सांगितलेच जात नाही. आयटीआयचे तर नावही चांगल्या गुणांच्या मुलासमोर काढत नाहीत. भुसावळला रेल्वे आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे, दीपनगरला वीजनिर्मिती केंद्र आहे. तेथे काम करणाऱ्या किती माणसांची सुरुवात आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारीतून झाली, हे त्या परिसरातील शाळांनी एकदा आपल्याच माजी विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली होती. कल्पना वाईट नव्हती. पण अहवाल मुलाच्या हातात पडल्यावर त्याविषयी त्याच्याशी अर्धा तास बोलणारे कोणी नसेल, तर त्या कागदाचा उपयोग फारसा होत नाही. ‘तुझा कल ललित कलांकडे आहे’ हे वाचून शेतकरी वडील आणि विज्ञानाचे शिक्षक दोघेही हसले, असे मुले सांगतात. म्हणून मी आपल्याकडे नवी चाचणी मागत नाही. माणूस आणि तास मागते.

अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आपल्याकडे आणखी एक गोष्ट रूढ झाली आहे. मूल लातूर, नांदेड, नाशिक किंवा थेट राजस्थानातील कोटा शहराच्या क्लासमध्ये असते आणि हजेरीपटावर नाव गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात असते. किंवा क्लासनेच तिकडच्या एखाद्या महाविद्यालयात ते घातलेले असते. क्लास लावावा की नाही हा पालकांचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये असे म्हटले आहे, एवढे पालकांना ठाऊक असले तरी पुष्कळ झाले. मला वेगळ्या परिणामाकडे लक्ष वेधायचे आहे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात गृह विद्यापीठ, म्हणजे ज्याच्या क्षेत्रातील महाविद्यालयांत मुलासाठी वेगळ्या जागा असतात ते विद्यापीठ, साधारणपणे बारावी कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून उत्तीर्ण झाली यावर ठरते. चोपड्याच्या मुलाने बारावी दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून केली, तर जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत तो परका ठरू शकतो. नाव कोठे घालायचे हा निर्णय घेताना क्लासवाला हे सांगत नाही, कारण त्याला ते सांगण्याची गरज नसते. शाळा सोडल्याचा दाखला ज्या टेबलावरून दिला जातो, त्या टेबलावर हे सांगितले गेले पाहिजे.

गृह विद्यापीठाचा विषय निघालाच आहे, तर ज्या एका कौशल्यावाचून सर्वांत जास्त मुले फसतात त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. ते कौशल्य म्हणजे मागील वर्षाच्या कटऑफची, म्हणजे कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश कितीवर झाला याची, यादी वाचणे. ही यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीनिहाय फुकट मिळते. तिच्यात प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेखाली ‘जी-ओपन-एच’, ‘जी-ओपन-ओ’, ‘एल-ओपन-एस’ असे सांकेतिक रकाने असतात. पहिले अक्षर जी असेल तर जागा सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे एच म्हणजे गृह विद्यापीठातील उमेदवारांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातील उमेदवारांसाठी, आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. खानदेशातील मुलाला पुण्याचे महाविद्यालय हवे असेल, तर त्याने ओ किंवा एस हा रकाना पाहायचा असतो. तो पाहतो एच, कारण तो पहिला असतो, आणि मग ‘मागच्या वर्षी एवढ्यावर मिळाले होते’ अशा समजुतीने उन्हाळा काढतो. उलट बाजूने, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठाच्या आवारातील रासायनिक तंत्रज्ञान संस्था, शिरपूर आणि धुळ्याची अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या यादीत त्याच्यासाठी एचचा रकाना असू शकतो, आणि तिकडे त्याने पाहिलेलेच नसते.

त्यातच पर्सेंटाइल आणि टक्के यांचा गोंधळ. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतले ८५ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांपैकी ८५ जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे गणिताच्या तासाला दहा मिनिटांत समजावता येते. बारावीला ८५ टक्के पडलेल्या मुलाचे वडील सीईटीचे ६० पर्सेंटाइल पाहून मुलावर का रागावतात, हे त्या दहा मिनिटांअभावी घडते.

पुढचा टप्पा पसंतीक्रमाचा. येथे दोन प्रकारची भीती दिसते. काही मुले आवडते महाविद्यालय वर लिहीतच नाहीत, कारण ‘मिळणार नाही, उगाच नंबर वाया जाईल’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. यंत्रणा मुलाची यादी वरून खाली वाचत जाते आणि त्याच्या गुणवत्ता क्रमांकाला जी पहिली जागा उपलब्ध असेल ती देते. वरचे पर्याय मिळाले नाहीत म्हणून खालच्या पर्यायांवरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. याच्या उलट काही मुले पहिल्या क्रमांकावर ओळखीचे म्हणून कोणतेही नाव टाकून देतात. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, हे त्यांना जागा मिळाल्यानंतर कळते. मग ‘मॅडम, बेटरमेंट करता येईल का?’ असे विचारत, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक चांगली जागा मागत, ती केंद्रावर येतात. त्या वेळी आमच्या हातात काहीही नसते. मनापासून हवे ते वर, मग त्याखालचे, आणि शेवटी खात्रीचे, अशी यादी लिहिण्याचा सराव मागील वर्षाच्या खऱ्या कटऑफवर बारावीच्या डिसेंबरमध्ये एकदा करून घेतला, तर जुलैमध्ये तेच मूल हा अर्ज स्वतः भरेल आणि कॅफेवाल्याकडे फक्त छापील प्रत काढायला जाईल.

पैशाविषयी शाळेत बोलायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडावा लागेल. कापूस विकताना आपल्याकडचा शेतकरी तीन जिनिंगवर भाव विचारतो आणि वजनकाट्यावर स्वतः उभा राहतो. तोच शेतकरी मुलाच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा खर्च मात्र माहितीपत्रक वाटणाऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य करतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर जाहीर असते. त्यापेक्षा जास्त मागितले जात असेल, तर १९८७ पासून कॅपिटेशन शुल्काला बंदी करणारा कायदा राज्यात आहे. वसतिगृह, खानावळ, बस, पुस्तके यांचा हिशेब मात्र कोणीच जाहीर करत नाही, आणि पुण्यात किंवा नाशिकला राहणाऱ्या मुलाचा तो खर्च पुष्कळदा शिक्षण शुल्काच्या बरोबरीला येऊन बसतो. हा हिशेब मुलांनी शाळेत, कागदावर, पूर्ण मुदतीचा मांडला पाहिजे. माझ्या मते बारावीच्या वाणिज्य शाखेला याहून चांगला प्रकल्प असू शकत नाही.

त्याच कागदावर सवलतींचा रकाना असावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. खानदेशातील किती घरांत मुलीला ‘लांबचे नको, खर्च झेपणार नाही’ म्हणून थांबवले जाते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या घरांपर्यंत हा निर्णय शाळेमार्फत पोहोचला पाहिजे. मात्र त्याची अटही सोबत पोहोचली पाहिजे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे. फेऱ्यांना कंटाळून किंवा ‘जागा संपतील’ या भीतीने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, की मुलगी पात्र असूनही सवलत जाते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. धुळे-नंदुरबारची मुले नातेवाइकांच्या सोयीने सुरतेला शिकायला जातात. तो मार्ग वाईट नाही, परंतु महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील कोणती योजना परराज्यातील संस्थेला लागू होते आणि कोणती होत नाही, हे जाण्याआधी तपासायला त्यांना सांगावे.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या हातात जेवढे आहे तेवढे कोणाच्याही हातात नाही. प्रवेश अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव चालते. जनरल रजिस्टरमध्ये नाव, आडनाव किंवा जन्मतारीख चुकलेली असेल, तर ती दुरुस्त करून घेण्याची सोपी वेळ दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीची असते. दाखला घेऊन मूल बाहेर पडले की राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे सुरू होतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जूनमध्ये तेच संपलेले प्रमाणपत्र घेऊन येणारी मुले मी दरवर्षी परत पाठवते. जात वैधता प्रमाणपत्राचे काम तर अकरावीतच सुरू व्हायला हवे. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याला कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह समितीकडे अर्ज करता येतो, पण पुरावा जुना लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तो पुरावा पुष्कळदा पणजोबांच्या किंवा आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या निर्गम उताऱ्यात असतो, म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या मुख्याध्यापकाच्या कपाटात. ते कपाट मेमध्ये कुलूपबंद असते. डिसेंबरमध्ये उघडे असते.

मूळ कागदपत्रांविषयी आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालावी. जागा पक्की करण्याच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका आणि दाखला ठेवून घेण्याची आणि नंतर ते देताना अडवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत करावीत, ती अडकवून ठेवू नयेत, अशी अधिसूचना काढलेली आहे. हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला अडवणे कठीण जाते, एवढा माझा अनुभव आहे.

आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना थोडे वेगळे लिहिणे आवश्यक आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा-यावल-रावेर येथील मुलांच्या घरी पावरी, भिली किंवा तडवी बोलली जाते, शाळेत मराठी, आणि प्रवेशाची संकेतस्थळे बहुतांशी इंग्रजीत असतात. कित्येक पाड्यांवर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे फेरीचा निकाल लागला आणि दोन-तीन दिवसांत प्रवेश निश्चित करायचा आहे, हा निरोपच मुलापर्यंत पोहोचत नाही. आई-वडील ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये मजुरीला गेलेले असले, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर सही कोणाची घ्यायची येथपासून प्रश्न असतो. या मुलांसाठी सुट्टीत शाळा बंद ठेवून चालणार नाही. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी प्रवेशाच्या काळात दर काही शाळांमागे एक शिक्षक, एक संगणक आणि चालू इंटरनेट असे केंद्र उघडे ठेवावे, अशी मागणी आपण मुख्याध्यापकांनी एकत्रितपणे केली, तर ती एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा अधिक गांभीर्याने वाचली जाईल. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; सातपुड्यातील दवाखान्यांत तेथील भाषा बोलणारा डॉक्टर किंवा परिचारिका हवी असेल, तर नर्सिंगची सीईटी आणि नीट यांच्या तारखा आश्रमशाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या असायला हव्यात.

हे सगळे करायला वेळ कोठून आणायचा, असे आपण विचाराल. शाळेवर अशैक्षणिक कामांचा किती बोजा आहे हे मीही शिक्षिका असल्याने जाणते, म्हणून मागणी लहान ठेवते : पंधरवड्यातून एक तास. नववीत त्या तासाला मुलांनी फक्त माणसे पाहावीत. जळगावच्या ठिबक सिंचनाच्या कारखान्यातला तंत्रज्ञ, डाळमिलमधला लेखापाल, नंदुरबारच्या मिरची बाजारातला प्रतवारी करणारा, तालुक्याच्या न्यायालयातला वकील, गावचीच असलेली परिचारिका; यांपैकी कोणीही मानधन मागणार नाही. ‘यशस्वी’ व्यक्तींची व्याख्याने मात्र कृपया ठेवू नयेत. कोणता अभ्यासक्रम केला, कोठे केला, किती खर्च आला आणि आज पुन्हा तोच करशील का, एवढ्या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा माणूस पुरेसा आहे. दहावीत शाखा, पदविका, आयटीआय आणि पसंतीक्रम. अकरावीत कागदपत्रे, शिवाय एमएचटी-सीईटीचे सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि नीट-जेईईला तर दोन्ही वर्षे लागतात, म्हणून हे विश्रांतीचे वर्ष नव्हे, याची आठवण. बारावीत कटऑफ, शुल्क आणि एक प्रत्यक्ष भेट.

त्या भेटीविषयी माझा आग्रह आहे. सहल म्हणून नेहमीची ठिकाणे पाहण्याऐवजी एक दिवस जळगावचे विद्यापीठ, धुळ्याचे कृषी महाविद्यालय किंवा जवळचे तंत्रनिकेतन पाहावे, आणि मुलांनी प्रवेशद्वाराचे फोटो न काढता प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, वसतिगृहात पाणी किती वेळ येते, मागच्या वर्षी किती जणांना कोठे काम मिळाले, आणि त्यांतले आपल्या शाखेचे किती, हे तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. फलकावर लावलेल्या मोठ्या पगाराच्या आकड्याखाली इतर मुलांना काय मिळाले हे लिहिलेले नसते. ते विचारण्याचे धैर्य येण्यासाठी शिक्षक सोबत असावा लागतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक वही ठेवली, तर वरील अर्धे काम सोपे होईल. दरवर्षी बारावी झालेले प्रत्येक मूल कोठे गेले, कोणत्या फेरीत, किती पर्सेंटाइलवर, कोणत्या कोट्यातून, आणि दोन वर्षांनी ते तेथेच आहे की सोडून आले, एवढेच त्यात असावे. आज शाळेच्या दर्शनी भागावर पहिल्या पाचांचे फोटो असतात. साठ-सत्तर टक्केवाल्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणाकडेच नसते, आणि येणाऱ्या वर्गात बहुसंख्य मुले त्याच टक्केवारीची असतात.

तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि विद्यापीठ यांच्यावरही यातली जबाबदारी आहे. मी ती टाळत नाही. सुविधा केंद्रावर काम करणारे आम्ही काही सहकारी शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळेत आपल्याकडे येऊन कटऑफ-वाचनाचा आणि पसंतीक्रमाचा सराव घ्यायला तयार आहोत. येताना आम्ही आमच्या संस्थेचे माहितीपत्रक आणणार नाही, अशी अट आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. आपणही ती प्रत्येक येणाऱ्यावर घालावी. मागील वर्षाच्या याद्या छापून आणण्याचे काम आमचे. आपल्याकडून एक फळा, बारावीचा वर्ग आणि शक्य झाल्यास पालकांपैकी काहीजण हवे आहेत. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर, म्हणजे सीईटीचे अर्ज सुरू होण्यापूर्वी, ज्या शनिवारी आपल्याला सोयीचे असेल त्याची तारीख जवळच्या तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना लेखी कळवावी. तेथील सुविधा केंद्राचे शिक्षक नकार देतील असे मला वाटत नाही.

कळावे.

आपली नम्र,
सुविधा केंद्रावर काम करणारी एक अधिव्याख्याता,
जळगाव जिल्हा